बंद खोलीतल्या हवेचा हिशेब : बर्कलेच्या घरातील हवा संशोधन विभागाची पन्नास वर्षे

पूर्वपीठिका

सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताकडे तोंड करून उभ्या असलेल्या बर्कलेच्या टेकड्यांवर लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात तिची मुहूर्तमेढ रोवली, ती अणूच्या गाभ्याचा शोध घेण्यासाठी. सायक्लोट्रॉनबद्दल त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे प्रयोगशाळा टेकडीवर गेली. तिकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव आजही सायक्लोट्रॉन रोड आहे. अणुभौतिकीच्या या माहेरघरात लोकांच्या स्वयंपाकघरातला धूर, नव्या फर्निचरचा वास आणि तळघरातली कोंदट हवा मोजणारी मंडळी कशी जमली, याचे उत्तर १९७३ च्या तेलटंचाईत सापडते.

विभागाच्या अर्धशतकाचा हा आढावा लिहिताना नावे मोजकीच घेतली आहेत. चाचणीकक्षाच्या भिंती घासून पुसणारे, पंपांचे प्रवाह तपासणारे, रात्री दोन वाजता नमुन्यांच्या नळ्या बदलणारे तंत्रज्ञ आणि विद्यार्थी यांच्यावाचून इथला एकही शोधनिबंध उभा राहिला नसता. या इतिहासाचे श्रेय त्या सर्वांचे आहे.

सत्तरचे दशक : फटी बुजल्या, हवा अडकली

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्याच नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आर्थर रोझेनफेल्ड हे कणभौतिकीचे प्राध्यापक घरी निघाले होते. आपल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांतले दिवे शनिवार-रविवार असेच जळत राहणार, हे त्यांच्या लक्षात आले. दिवे बंद करायला ते वळले, तर बटणे सापडेनात. काही कपाटांमागे, काही पुस्तकांच्या मांडणीमागे, काही भिंतीवरच्या चित्रांखाली दडलेली. वीसेक मिनिटे त्यांतच गेली. एन्रिको फर्मी यांच्या हाताखाली शिकलेल्या या माणसाने पुढे कणभौतिकी बाजूला ठेवली आणि इमारतींतली ऊर्जेची उधळपट्टी हाच अभ्यासाचा विषय केला. १९७४ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनला भौतिकशास्त्रज्ञांचे याच विषयावर अभ्याससत्र झाले. १९७५ च्या सुमारास बर्कलेत इमारतशास्त्राचे केंद्र आकाराला आले. त्याआधीच, १९७३ मध्ये, अँड्र्यू सेस्लर यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळेत ऊर्जा व पर्यावरण विभाग सुरू झाला होता.

ऊर्जा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घराच्या फटी बुजवणे. थंडीत तापवलेली हवा फटींतून निसटते आणि तिच्याबरोबर पैसाही. बर्कलेच्या संशोधकांनी दारात पंखा बसवून घराची गळती मोजण्याचे तंत्र घोटून पक्के केले. वारा आणि तापमान पाहून घरातली हवा तासाला किती वेळा बदलते, हे सांगणारे गणितही त्यांनी मांडले. पण फट बुजली की आतला धूर, वाफ आणि वायूही आतच राहणार, हे लपणारे नव्हते. क्रेग हॉलोवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सुमारास घरोघरच्या गॅसच्या शेगड्यांजवळ उपकरणे नेली. बंद स्वयंपाकघरात नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण कधीकधी बाहेरच्या हवेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्याही वर जात होते. प्रदूषण म्हणजे कारखान्याचे धुराडे आणि मोटारींचा धूर, असे समजणाऱ्या काळात ही माहिती अनेकांच्या पचनी पडली नाही.

विभाग एका दिवसात स्थापन झाला नाही. दोन-तीन वर्षांत तो जमत गेला. ‘इमारतींचे वायुवीजन आणि घरातील हवा’ या नावाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ऊर्जा वाचवणारे आणि हवा मोजणारे एकाच छताखाली बसले. दोघांच्या आग्रहांत फरक होता, चर्चाही बरीच होई. पण फटी बुजवायच्याच असतील तर हवेची सोय वेगळी करा, यावर पुढे सर्वांचे एकमत झाले. १९७८ साली कोपनहेगनला घरातील हवेवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि विषयाला जगात बिरादरी मिळाली.

ऐंशीचे दशक : सिगारेटचा धूर आणि रेडॉन

या दशकाची सुरुवात चणचणीत झाली. ऊर्जाबचतीच्या संशोधनाला मिळणारा सरकारी पैसा नव्या राजवटीत आटला. माणसे कमी झाली, प्रकल्प लांबले. तरीही विभागाचे नाव ज्या कामाने झाले, ते याच वर्षांतले.

त्या वेळी बाजारात हवा शुद्ध करण्याची उपकरणे धडाक्यात विकली जात होती. टेबलावर ठेवायची लहान पेटी, आत स्पंजासारखी जाळी आणि फुर्रर वाजणारा पंखा. कोणी ऋण आयन सोडत होते, कोणी विजेच्या भाराने धूळ ओढत होते. खोक्यांवर मोठमोठे दावे छापलेले असत. ते दावे पारखायला बर्कलेच्या मंडळींनी खोलीएवढा चाचणीकक्ष वापरला. पद्धत ऐकायला सोपी आहे. बंद खोलीत यंत्राने सिगारेट जाळायची, पंख्याने धूर सारखा मिसळायचा आणि कणांची संख्या कशी उतरते ते मोजत राहायचे. उपकरण बंद असतानाही कण भिंतींवर बसतात, थोडे फटींतून जातात. तो उतार आधी नोंदवायचा, मग उपकरण चालू करून दुसरा उतार घ्यायचा. दोहोंतला फरक गुणिले खोलीचे घनफळ, म्हणजे उपकरणाने तासाला दिलेली शुद्ध हवा. समजा खोली ३० घनमीटरची आहे, उपकरणाशिवाय उताराचा दर तासाला ०.२ आणि उपकरणासह ४.२ आहे. मग त्या उपकरणाची खरी कमाई तासाला १२० घनमीटर शुद्ध हवा.

या हिशेबापुढे खोक्यावरच्या जाहिरातीला जागा उरत नाही. गाळणी शंभरातले नव्याण्णव कण पकडते, हा दावा खरा असेलही. पण पंखा जर चमचाभरच हवा ओढत असेल, तर खोलीतल्या माणसाला त्याचा उपयोग काय? १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात निष्कर्ष स्पष्ट होता. लहान जाळीच्या टेबलपेट्यांचा परिणाम जवळजवळ शून्य. दाट घड्यांच्या हेपा गाळण्या आणि चांगल्या बांधणीची स्थिरविद्युत उपकरणे मात्र कामाची. याच तत्त्वावर अमेरिकेच्या गृहोपकरण उत्पादकांच्या संघटनेने ऐंशीच्या दशकात ‘शुद्ध हवेचा दर’ हे मानक आणले. १,००८ घनफुटांच्या कक्षात धूर, धूळ आणि परागकण सोडून मोजलेला तो आकडा आज मुंबई-पुण्याच्या दुकानांतही प्युरिफायरच्या खोक्यावर ‘सीएडीआर’ या आद्याक्षरांनी दिसतो. ग्राहक मात्र रंग, रिमोट आणि ॲप यांवरच अडकतो, हा अनुभव सार्वत्रिक असावा.

दुसरे काम रेडॉनचे. जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू पायाच्या भेगांतून घरात शिरतो. अँथनी नीरो, रिचर्ड सेक्स्ट्रो आणि विल्यम नॅझरॉफ यांचा गट त्याचा माग आधीपासून काढत होता. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुवीज केंद्रात एका अभियंत्याच्या अंगावरच्या किरणोत्साराने धोक्याची घंटा वाजू लागली. शोध घेतला तर किरणोत्सार केंद्रातला नव्हताच, तो त्याच्या घरातला रेडॉन होता! देशभर खळबळ उडाली आणि बर्कलेच्या मोजमापांना अचानक मागणी आली. १९८६ साली अमेरिकी घरांतल्या रेडॉनच्या वाटणीचा या गटाचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला.

हवा शुद्ध करणारी उपकरणे रेडॉनवर चालतात का, हेही इथेच पाहिले गेले, आणि उत्तर गुंतागुंतीचे निघाले. रेडॉन स्वतः वायू असल्याने गाळणीतून आरपार जातो. त्याच्या विघटनातून निघणारे किरणोत्सारी धातूंचे अणू हवेतल्या कणांना चिकटतात. गाळणीने कण काढले की त्यांबरोबर हे अणूही बरेच जातात. मात्र चिकटायला कण न उरल्याने उरलेले अणू मोकळे राहतात आणि मोकळे अणू श्वासनलिकेत अधिक सहज बसतात. मीटरवरचा आकडा घसरतो, पण धोका त्याच प्रमाणात घसरेलच असे नाही. हा निकाल कोणालाच फारसा आवडला नाही. उपकरण विकणाऱ्यांना नाही आणि घरमालकांनाही नाही. विभागाने तो छापला.

नव्वदचे दशक : कचेऱ्यांतली डोकेदुखी

तोवर कचेऱ्यांतून तक्रारी वाढल्या होत्या. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, इमारतीबाहेर पडले की बरे वाटते. आजारी इमारतींचा विकार असे त्याला नाव पडले. वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने १९८१ च्या मानकात धूम्रपान नसलेल्या कचेरीसाठी माणशी मिनिटाला ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी मानली होती. १९८९ साली कचेऱ्यांसाठीचा तो आकडा २० वर नेण्यात आला. बर्कलेच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या १२ कार्यालयीन इमारतींत कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि हवेची मोजमापे शेजारीशेजारी मांडली. या काळात विभागाचे नेतृत्व जोन डेझी यांच्याकडे होते. त्यांच्या कारकिर्दीत रसायनशास्त्र, आरोग्य आणि अभियांत्रिकी यांची सांगड पक्की झाली. १९९७ मध्ये विल्यम फिस्क आणि रोझेनफेल्ड यांनी घरातली हवा सुधारल्यास आजारपणाच्या रजा आणि वाया जाणारे काम यांत किती बचत होईल, याचा अंदाज मांडला. एरवी न हलणाऱ्या मालकमंडळींना पैशाची भाषा कळली.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे नाव इथे येते. मुंबईत जन्मलेले अशोक गाडगीळ मुंबई विद्यापीठ आणि कानपूर आयआयटी करून बर्कलेला आले. १९७९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. काही वर्षे दिल्लीत काम करून ते १९८८ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत परतले. पाणी निर्जंतुक करणाऱ्या त्यांच्या अतिनील यंत्रामुळे आणि दारफूरच्या चुलीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्यामानाने खोलीत सोडलेला वायू किती वेळात सगळीकडे सारखा पसरतो, यावरचे नॅझरॉफ यांच्याबरोबरचे त्यांचे काम कमी लोकांना ठाऊक आहे. चाचणीकक्षाचे सारे गणित खोलीतली हवा नीट मिसळलेली आहे या गृहीतकावर उभे असते. ऊन भिंतीवर पडले, पंखा बंद असला, तर ते किती टिकते, हे या प्रयोगांनी दाखवले. गाडगीळ पुढे प्रयोगशाळेच्या ऊर्जाविषयक विभागाचे संचालक झाले, आणि २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान व नवोन्मेष पदक मिळाले.

दशक संपता संपता एक गमतीचा निकालही लागला. वातानुकूलनाच्या नळांचे सांधे सांधायला जी चिकटपट्टी अमेरिकेत घरोघरी वापरतात, जिच्या नावातच नळ आहे, तिची १९९८ साली मॅक्स शर्मन आणि आयन वॉकर यांनी परीक्षा घेतली. तापवून-थंड करून पाहिल्यावर ती नळावर टिकेना. बाकी सगळीकडे चालते, फक्त नळांवर नाही, असा निर्वाळा वर्तमानपत्रांनी चवीने छापला. या विभागाला त्याआधी किंवा त्यानंतर इतकी प्रसिद्धी क्वचितच लाभली.

नव्या शतकाचे पहिले दशक : शुद्ध करताना काय तयार होते?

एव्हाना उपकरणांची नवी पिढी आली होती. कण गाळण्याऐवजी वायूच नष्ट करू म्हणणारी. टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरावर अतिनील प्रकाश पाडायचा आणि हवेतल्या सेंद्रिय वाफा जाळून टाकायच्या, हे प्रकाश-उत्प्रेरणाचे तंत्र. कागदावर ते अत्यंत देखणे आहे. गाळणी बदलायला नको, उरते फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. अल्फ्रेड हॉजसन, ह्यूगो डेस्टायलाट्स, फिस्क आणि सहकाऱ्यांनी कचेरीतल्या हवेसारखे रसायनांचे मिश्रण बनवून ते अशा उपकरणातून सोडले, आणि बाहेर येणाऱ्या हवेची कसून तपासणी केली.

मूळ वाफा खरोखर कमी झाल्या. पण अल्कोहोलांसारखी काही संयुगे अर्धवट जळून त्यांचे फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्ल झाले. फॉर्मल्डिहाइड हा कर्करोगकारक वायू. हवा शुद्ध करणारे यंत्र तो खोलीत सोडत होते. पुढच्या प्रयोगांत यंत्राच्या तोंडाशी सोडियम परमँगनेटचा थर बसवून ही उपउत्पादने पकडण्याचा मार्गही याच गटाने तपासला. उपकरणाने काय घेतले याबरोबर उपकरणाने काय दिले हेही मोजा, हा दंडक इथून पुढे विभागाने सोडला नाही. आमच्या मते या पन्नास वर्षांतली ही सर्वांत मोलाची सवय.

ओझोनचेही तसेच. ‘जंगलातली ताजी हवा’ देतो म्हणून ओझोन सोडणारी यंत्रे अमेरिकेत सर्रास मिळत. २००६ मध्ये नॅझरॉफ, ब्रेट सिंगर आणि डेस्टायलाट्स यांच्या प्रयोगांत दिसले की संत्र्याच्या किंवा पाइनच्या वासाच्या साफसफाईच्या द्रवांतली टर्पीन संयुगे ओझोनला भेटली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. फरशी पुसून वर असे यंत्र लावणाऱ्याचे घर स्वच्छ दिसते आणि हवा बिघडते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने घरगुती हवाशोधकांतून निघणाऱ्या ओझोनवर दशलक्ष भागांत ०.०५० भागांची मर्यादा घातली. असा नियम करणारे ते पहिले राज्य.

कतरिना वादळानंतर निर्वासितांना दिलेल्या फिरत्या घरांत लोकांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा केंद्र सरकारच्या सांगण्यावरून चार घरांच्या भिंती, फळ्या, गालिचे विभागात तपासले गेले. स्वस्त लाकडी फळ्यांतून निघणारे फॉर्मल्डिहाइड आणि अपुरी हवा, असे दुहेरी दुखणे निघाले.

दुसरे दशक : गाळणीलाही प्रश्न

फॉर्मल्डिहाइडवर उपाय शोधण्याचे काम २०११ मध्ये फळाला आले. मँगनीज ऑक्साइडचा असा उत्प्रेरक बनवला गेला, की खोलीच्या तापमानालाच, ना दिवा ना उष्णता, फॉर्मल्डिहाइडचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हावे. नेहमीच्या गाळणीच्या कापडावर त्याचा थर देता येतो. कोळशाच्या तंतूंची गाळणी रात्री गरम हवेने ‘धुऊन’ दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायची, हा प्रयोगही त्याच सुमाराचा.

याच वर्षांत गाळण्यांकडेच संशयाने पाहिले गेले. काचतंतूच्या काही गाळण्यांना धूळ धरण्यासाठी चिकट लेप असतो. त्यावरून ओझोनयुक्त हवा गेली की त्यातून फॉर्मल्डिहाइड निघते. पुढे असेही आढळले की हवा दमट असेल तर अशा गाळण्यांतून फॉर्मल्डिहाइड निघण्याचे प्रमाण वाढते. हा भाग कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी जरा जपून वाचावा. आपल्याकडे जुलै महिन्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे गाळणीचे काय होत असेल, याची मोजमापे इथल्या हवेत घ्यावी लागतील. २०१२ मध्ये अमेरिका आणि भारत यांच्या संयुक्त इमारत-ऊर्जा संशोधन केंद्रात बर्कले आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ एकत्र आले, त्या वाटेने भारतीय इमारतींशी विभागाचा संबंध जुळला.

२०१० मध्ये डेस्टायलाट्स, लारा गुंडेल आणि मोहम्मद स्लेमान यांनी भिंतीवर बसलेले निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसअमाइन बनते, हे दाखवले. सिगारेट विझल्यावर, खिडकी उघडल्यावर, पाहुणा निघून गेल्यावरही. कॅलिफोर्नियातल्या २८ शाळांच्या १६२ वर्गखोल्यांच्या पाहणीत हवा खेळती असलेल्या वर्गांत आजारपणाच्या गैरहजेऱ्या कमी असल्याचे दिसले. सिंगर आणि वुडी डेल्प यांनी घरोघरी बसवलेल्या स्वयंपाकघरातल्या चिमण्या तपासल्या. धूर ओढण्याची क्षमता १५ टक्क्यांखालपासून ९८ टक्क्यांच्या वरपर्यंत! पुढच्या शेगडीवर तडतडणारी फोडणी आणि उंचावर बसवलेली दिखाऊ चिमणी, ही जोडी कॅलिफोर्नियातही आहे, हे वाचून बरे वाटले.

२०१४ मध्ये टेकडीवर फ्लेक्सलॅब उभी राहिली. खऱ्या इमारतीच्या आकाराच्या, भिंती-छत-खिडक्या बदलता येणाऱ्या चाचणीखोल्यांची ही सोय आहे. १९८० च्या सुमारास ज्यांनी एका कक्षात सिगारेटी जाळून कामाची सुरुवात केली, त्यांतल्या काहींनी निवृत्तीपूर्वी ती पाहिली.

अलीकडची वर्षे : वणव्याचा धूर आणि महासाथ

नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅरडाइज गाव जाळणाऱ्या वणव्याचा धूर जवळपास दोन आठवडे आखातावर बसून राहिला. दुकानांतले प्युरिफायर संपले. विभागातल्या मंडळींनी स्वतःच्या अंगणातला आणि प्रयोगशाळेतला धूरच नमुना म्हणून वापरला. लोकांनी घरी बसवलेले स्वस्त कणमापक धुरात किती चुकतात, याचे गुणक त्यांनी काढले. त्याच वर्षी त्यांच्या आधीच्या चाचणीत दिसले होते की ही छोटी उपकरणे स्वयंपाकाचा धूर बऱ्यापैकी ओळखतात, पण ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यांना जवळजवळ दिसत नाहीत. मापकावर हिरवा दिवा म्हणजे हवा निर्धोक, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

२०२० मध्ये महासाथ आली. बरीचशी प्रयोगशाळा बंद असताना फ्लेक्सलॅबमध्ये बैठकीची खोली मांडली गेली. खुर्च्यांवर माणसाच्या अंगाइतकी ऊब देणारे पुतळे बसवले आणि एकाच्या तोंडून निघालेले कण दुसऱ्यापर्यंत कसे पोचतात ते मोजले. वरून गरम हवा सोडली की ती छताशीच राहते, खाली बसलेल्यांच्या श्वासातली हवा नीट बदलत नाही, असा मिसळण्याचा जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने संसर्गजन्य कणांच्या नियंत्रणासाठी मानक २४१ जाहीर केले. त्यात बाहेरून आणलेली हवा आणि शुद्ध करून फिरवलेली हवा एकाच मापात धरली आहे. गाळणीची कमाई घनमीटरांत मोजण्याचा ऐंशीच्या दशकातला हिशेब त्यामुळे इमारतींच्या नियमांत शिरला.

सध्या विभागात वणव्याच्या धुरात शाळा आणि घरे कशी सांभाळावीत, विजेवर चालणाऱ्या शेगड्यांनी स्वयंपाकघराची हवा किती सुधारते, आणि आयन सोडणारी नवी उपकरणे कण किती काढतात व उपउत्पादने कोणती सोडतात, असे विषय चालू आहेत. निधी राष्ट्रीय ऊर्जा खाते, पर्यावरण संस्था आणि कॅलिफोर्निया राज्य यांच्याकडून येतो, आणि दरवर्षी येईलच याची शाश्वती पहिल्या दशकाइतकीच आहे. बाजारात दर हंगामाला नवे उपकरण येते, नवे नाव घेऊन. ते चाचणीकक्षात ठेवले जाते, दार बंद होते, धूर सोडला जातो आणि घड्याळ सुरू होते.